बेसचा दुसरा बॉक्स

बारामतीत आम्ही ज्या हॉलमध्ये प्रॅक्टिस करतो तिथं मी माझे स्पीकरचे दोन नवीन बॉक्स पहिल्यांदा लावले, बेस गिटारची सगळ्यात जाड तार वाजवली, आणि आमचा कीबोर्डवाला म्हणाला, "बाई, हा बेस आहे का शेजारच्या घरात कोण दार वाजवतंय?"

सगळे हसले. मीपण हसले.

खरं तर दार वाजवल्याएवढापण आवाज नव्हता. नुसतं टक टक. तारेला बोट लागल्याचं ऐकू येत होतं, पण त्याच्या खालचा जो धुम्म असतो ना, जो कानापेक्षा पोटात आधी कळतो, तो नव्हताच. अॅम्पचा, म्हणजे गिटार ज्यात लावतात त्या मशीनचा, आवाज वाढवला तर टक टक मोठं झालं. धुम्म काय आला नाही.

आमचा ऑर्केस्ट्रा एवढासा आहे. कीबोर्डवाला, ऑक्टोपॅडवाला, गाणारे दोघं आणि मी. हळदी, वाढदिवस, जत्रा. मी एकटीच मुलगी, आणि बेस न्यायचा का नाही यावर दर वेळेला चर्चा होते, कारण कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस वाजवू शकतो आणि तेवढीच गाडीत जागा वाचते. त्यामुळं बॉक्स चांगले वाजणं मला लई गरजेचं होतं.

मजा म्हणजे ऑक्टोपॅडवाला एका बॉक्सच्या अगदी शेजारी बसलेला, तो म्हणतोय, "येतोय की बेस!" आणि एक गाणारा दोन्ही बॉक्सच्या बरोबर मधे उभा, तो म्हणतोय, "कुठं येतोय? मला तर काहीच नाही." दोघांची जुंपली. मी त्या भांडणाकडं लक्षच दिलं नाही. तिथंच सगळं उत्तर होतं, पण मला तेव्हा काय माहीत.

"पळसदेवच्या हळदीला भाड्याचे बॉक्स आणू," कीबोर्डवाला म्हणाला. "हे घरी राहू देत. कोंबड्या ठेव ह्यात. भोक पण बरोबर मापाचं आहे."

ते बॉक्स आबांनी केले होते. आबा म्हणजे माझे वडील, सगळं गावच त्यांना आबा म्हणतं. ते सुतार आहेत आणि त्यांनी जन्मभर दारं केली. खिडक्या, देव्हारे, पलंग पण केले, पण खरे ते दारवाले. आम्ही कुठंही एसटीनं निघालो की खिडकीतनं बोट करतात, "ते दार माझं." सोमेश्वरनगरकडं गेलो तर रस्ताभर तेच चालतं. मोरगावला दर्शनाला गेलो तरी आधी एका घरासमोर उभं राहून दाराच्या फटी बघणार, मग गणपती.

बॉक्सची मापं मी मोबाईलवर काढून त्यांना दाखवली होती. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "झाकण कुठाय?"

"झाकण नसतं आबा. पुढं स्पीकर बसतो."

"म्हंजी दार नसल्यालं कपाट. पयल्यांदाच करतोय."

पण केलं. काय केलं! जाड प्लायवूड, सांध्यात नख जाणार नाही. हवा खेळायला पुढं पाईपचा तुकडा लागतो, तर शेजाऱ्यांच्या शेतातल्या पाइपलाइनचा उरलेला तुकडा कापून बसवला. मी आतलं वायरिंग केलं. बॉक्सच्या मागं एक छोटी प्लेट असते, तिच्यावर दोन स्क्रू असतात, एक तांबडा एक काळा, अॅम्पची वायर तिथं जोडायची. मी दोन्ही प्लेटींना आतनं वायरी लावून दिल्या आणि त्या आबांनी बसवल्या. मग त्यांनी रंगाचा पंप घेतला आणि पहिल्या बॉक्सचं सगळं मागचं अंग काळं करून टाकलं. प्लेटसकट.

"आबा! तांबडा स्क्रू कुठला ते दिसत नाही आता!"

"आगं, एक डावीकडं हाय, एक उजवीकडं. त्यात बघायचं काय?"

पहिल्या बॉक्सचं मला आठवत होतं, तांबडा डावीकडं. म्हणलं ठीक आहे, लक्षात ठेवू.

दुसऱ्या बॉक्सला त्यांनी संध्याकाळी रंग मारला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना कपबशी उचलता येईना. आधी आम्हाला वाटलं चहा गरम आहे. मग आईनं त्यांचं तोंड बघितलं. उजवी बाजू गेली होती.

बारामतीला दवाखाना, मग घर, मग बाहेरच्या खोलीत कॉट. बोलणं हळूहळू परत आलं, थोडं जड, पण कळतं. पाय जरासा हलायला लागला. हाताला डॉक्टरनी रबरी चेंडू दिला, दाबायला. सगळे मला म्हणायचे, तू लई धीराची. धीर बीर काही नाही. दाढ काढताना इंजेक्शन देतात ना, मग गाल आपलाच असतो पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो, तसं झालं होतं मला, फक्त सगळीकडं. मी औषधं आणत होते, चादरी धूत होते, प्रॅक्टिसला जात होते. आतनं काही येत नव्हतं. अजूनपण फार येत नाही. ते सांगायला मी हे लिहीत नाहीये, मी बॉक्सचं सांगतेय, पण ते बाजूला काढून बॉक्सचं सांगता येईना म्हणून मधे आलं.

तर कीबोर्डवाल्याचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. हात भरलेले म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"बाई, मी विचार केला," तो म्हणाला. "अॅम्प मी माझ्या बॉक्सवर लावून बघितला, एकदम ओके. तुझे बॉक्सच चुकलेत. निदान एक तरी चुकलाय. बनवणाऱ्याला विचार."

आबा कॉटवर होते. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "कुठला?"

"कुठला काय?"

"कुठला चुकलाय? दुसरा ना?"

मी म्हणलं अजून काही कळलं नाही.

"दुसराच आसंल," आबा म्हणाले. "त्यो करताना हात जड वाटत हुता. रंगाचा डबा सांडला हातनं. म्या कुणाला बोललो न्हाय. मला वाटलं झोप न्हाय झाली."

आई चुलीपाशी, म्हणजे गॅसच पण आम्ही चूलच म्हणतो, तिथं होती. ती बाहेर आली. "आवं, मग सांगायचं न्हाय का त्याच दिवशी?"

"सांगून काय केलं आसतंस?" ते म्हणाले, आणि मग लगेच, "पुतण्याला फोन लाव. रईवारी पिकप घिऊन ये म्हणावं. हत्यारं न्हे सगळी."

पुतण्या म्हणजे माझा चुलत भाऊ, इंदापूरला त्याचं फर्निचरचं दुकान आहे. आबांच्याच हाताखाली शिकला.

"हात बरा व्हतोय की तुमचा," आई म्हणाली. "डाक्टर म्हणलं न्हवं का?"

"हात व्हईल बरा. डोस्क्यातलं माप गेलं आसंल तर? हात जायच्या आधीच चुकीचं काम केलंय म्या. आता हत्यारं ठिऊन कुणाची दारं वाकडी करू?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मी कणीक मळत राहिले. मला तेव्हा रडू यायला पाहिजे होतं असं मला नीट कळत होतं, जसं आपल्याला कळतं की आता बस यायची वेळ झाली. बस आली नाही.

त्या दिवसापासनं त्यांनी चेंडू दाबायचं बंद केलं. तो कॉटखाली पडून राहिला.

म्हणजे आता नुसता पळसदेवच्या हळदीचा प्रश्न राहिला नव्हता. रविवारी भाऊ यायच्या आत मला शोधायचं होतं की बॉक्स चुकलाय का, आणि चुकला असेल तर आबांच्या हातानं का. आणि चुकलेला निघाला तर ते मीच त्यांना सांगणार होते. आई काही मला विचारत नव्हती, पण रोज बॉक्सवरची धूळ पुसत होती.

मी कीबोर्डवाल्याकडनं अॅम्प घेऊन आले आणि दोन्ही बॉक्स बाहेरच्या खोलीत आणले, आबांच्या कॉटच्या समोर, कारण दुसरीकडं जागाच नाही. नेटवर लिहिलेलं की बॉक्समधनं कुठंतरी हवा गळत असेल तर बेस जातो. त्यासाठी उदबत्ती लावायची, खालचा सूर धरून ठेवायचा आणि सांध्यासांध्यावरनं धूर फिरवायचा. धूर हलला की तिथं फट. मी आईच्या फोनवर एक खालचा सूर सारखा वाजत ठेवला, तो अॅम्पला लावला आणि उदबत्ती घेऊन बॉक्सभोवती फिरायला लागले.

"काय चाललंय?" आबा म्हणाले. "वारलो न्हाय म्या आजून."

"आबा! सांध्यातनं हवा जातीय का बघतीय."

"माझ्या सांध्यातनं?"

"नेटवर लिहिलंय तसं करतीय."

"नेटला सांग, पाणी भर म्हणावं त्यात. थेंब गळला तर बोल."

कुठंच गळत नव्हतं. धूर फक्त पाईपच्या तोंडाशी हलत होता, आणि तिथं तो हलायलाच पाहिजे. दोन्ही बॉक्सचं तेच.

मग आतनं कापूस भरायचा प्रकार केला. त्यानं आवाज भारदस्त होतो म्हणे. जुनी गादी उसवली, स्पीकर काढले, आतल्या भिंतींना कापूस लावला, स्पीकर परत बसवले. आवाज होता त्याहून बारीक झाला.

"गादी बी गेली आन आवाज बी गेला," आई म्हणाली. "आता उशी दिऊ का?"

कापूस काढायला परत स्पीकर काढले. दुपार होती, आबा डोळे मिटून पडलेले. म्हणलं हीच वेळ आहे. मी हळूच टेप घेतला आणि दुसऱ्या बॉक्सच्या आतलं माप घेतलं. रुंदी, खोली, उंची. मग गुण्या, म्हणजे कोपरा काटकोनात आहे का ते बघायचं सुतारांचं साधन, तो प्रत्येक कोपऱ्यात लावून बघितला. चोरी करत असल्यासारखं वाटत होतं. म्हणजे वाटायला पाहिजे होतं.

"किती भरलं?" आबांनी डोळे मिटूनच विचारलं.

"सारखंच आहे. दोन्हीचं सारखं."

"खोटं नको बोलू."

"खरंच सारखं आहे आबा. सुताएवढा फरक नाही."

त्यांना पटलं नाही हे मला दिसत होतं. आणि मला ते पटवता येईना, कारण माप बरोबर, सांधे बरोबर, अॅम्प बरोबर, गिटार मी हेडफोन लावून बघितली ती बरोबर, स्पीकरचा मधला हलणारा कागद बोटांनी हळूच दाबून बघितला तर कुठं घासत नाही. सगळं बरोबर आणि आवाज नाही. डॉक्टर रिपोर्ट बघून सगळं नॉर्मल आहे म्हणतात आणि माणूस तर पडलेला असतो समोर, तसं.

रविवार उजाडला. आईनं हत्यारं पोत्यात भरायला घेतली. करवती, पटाशा, हातोड्या, रंधे. आबा प्रत्येक वस्तूकडं बघत होते आणि सांगत होते, "त्याला फडकं गुंडाळ. धार हाय त्याला." पोतं दाराशी ठेवलं. मग आईनं फरशी पुसायला घेतली, कारण भाऊ येणार म्हणजे घर स्वच्छ पाहिजे.

मी गिटार घेऊन बसले होते. काही सुचत नव्हतं म्हणून जाड तार सारखी वाजवत होते. टक. टक. टक. आईनं पुसता पुसता दुसरा बॉक्स जरा सरकवला, त्याची वायर निसटली, आणि

धुम्म.

मांडणीवरची भांडी थरथरली. ताटल्या एकमेकींवर वाजल्या. आई फडकं टाकून उभी राहिली. "अगं बया! काय झालं?"

"आई, काय केलंस तू?"

"काय न्हाय केलं! फरशी पुसतीय!"

मी उठून वायर परत जोडली. टक. काढली. धुम्म. जोडली, टक. काढली, धुम्म. आईनं तर डोक्याला हात लावला. "आगं मग एकच बरं वाजतंय की. दुसरं कशाला लावतीयस?"

आबांनी तोंड भिंतीकडं केलं.

मी म्हणलं थांबा थांबा थांबा. पहिल्याची वायर काढली आणि दुसरा एकटा लावला. धुम्म! तोपण तितकाच, अगदी तसाच! म्हणजे एकेकटे दोन्ही चांगले आणि दोघं मिळून गप्प. आता मला ऑक्टोपॅडवाल्याचं आणि गाणाऱ्याचं भांडण आठवलं. बॉक्सच्या शेजारी बसलेल्याला बेस येत होता, मधे उभा होता त्याला नाही.

मी भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्यातला सेल काढला. घरी बॉक्स करणाऱ्यांनो, हे तुम्हीपण करून बघा, फार सोपं आहे. सेलच्या दोन टोकांना दोन वायरी धरायच्या आणि क्षणभर बॉक्सच्या दोन स्क्रूंना लावायच्या. स्पीकरचा कागद एकदा हलतो. बाहेर आला का आत गेला तेवढं बघायचं.

पहिला बॉक्स, डाव्या स्क्रूला सेलची प्लस बाजू लावली. कागद बाहेर आला.

दुसरा बॉक्स, डाव्या स्क्रूला प्लस. कागद आत गेला.

म्हणजे हा हवा पुढं ढकलतोय त्याच वेळेला तो तीच हवा मागं ओढतोय. दोघं एकमेकांचं काम पुसून टाकतायत. मी नखानं दुसऱ्या बॉक्सच्या स्क्रूवरचा काळा रंग खरवडला. उजव्या स्क्रूवर तांबडं निघालं. पहिल्यात तांबडा डावीकडं होता. अॅम्पची तांबडी वायर मी दोन्हीकडं डाव्याच स्क्रूला जोडलेली, त्यामुळं दुसरा उलटा वाजत होता.

"दुसराच ना?" आबा भिंतीकडं बघतच म्हणाले.

खोटं बोलता आलं असतं. मी म्हणलं, "व्हय."

"काय चुकलंय?"

"प्लेट उलटी बसलीय. खालचं वर. त्यामुळं तांबडा स्क्रू उजवीकडं गेलाय. पहिल्यात डावीकडं आहे."

आई फडकं पिळायचं थांबली. मी हातात सेल धरून उभी होते आणि घड्याळ नसल्यामुळं खोलीत टिकटिक पण नव्हती.

मग आबा हळूहळू तोंड वळवून म्हणाले, "उजवीकडंच आसणार की. उजवं हाय ते."

"काय उजवं?"

"दोन्ही शेजारी ठीव. पाठ माझ्याकडं कर."

मी आणि आईनं बॉक्स उचलून पाठीमागनं त्यांच्याकडं केले, शेजारी शेजारी.

"आता प्लेटी कुठं हायत बघ."

मी बघितलं. पहिल्या बॉक्सची प्लेट एका कडेला, दुसऱ्याची दुसऱ्या कडेला, आणि बॉक्स शेजारी ठेवले की दोन्ही बरोबर मधे, एकमेकींच्या समोर येत होत्या. दोन झडपांच्या दाराच्या कड्या येतात तशा.

"मशीन तुझं मधी ठेवणार ना तू?" आबा म्हणाले. "मग वायरी मधीच यायला नकोत व्हय? का एक हिकडनं आन एक पार तिकडनं फिरवून आणणार? म्हणून ह्यो डावा केला, त्यो उजवा केला. उजव्या दाराला कुलूप पालथं करूनच बसवावं लागतं. दोन डावी दारं एका चौकटीत बघितलीस का कुठं?"

"म्हणजे तुम्ही मुद्दाम फिरवली?"

"मग काय झोपंत फिरवली?"

"आणि रंगाचा डबा?"

"त्यो सांडला. प्लेट त्याच्या आदी बसवली हुती, ध्यानात हाय माझ्या. चार स्क्रू, त्यातला एक बोथट निघाला म्हणून बदलला." ते थांबले. मग परत म्हणाले, "ध्यानात हाय माझ्या."

"आन हे आदी सांगायला काय झालं हुतं?" आई म्हणाली.

"इचारलं का कुणी? कोण उदबत्ती फिरवतंय, कोण गादी फाडतंय."

मी विचारलं, प्लेट काढून सरळ बसवू का, पाच मिनिटांचं काम आहे.

"हात लावू नको. जोडी हाय ती. वायर उलटी लाव."

मी दुसऱ्या बॉक्सच्या वायरीची टोकं अदलाबदल केली. बस्स, एवढंच. गिटार घेतली आणि जाड तार वाजवली.

तो आवाज कसा होता ते मला लिहायचंय आणि जमत नाहीये. जमिनीतनं आला. आईनं मांडणीला दोन्ही हात लावले, भांडी पडतील म्हणून. आबांच्या कॉटच्या पट्ट्या थरथरल्या आणि ते म्हणाले, "आं." मला आनंद झाला का? मला कळलं की आता आनंद झाला पाहिजे. मी तीच तार परत वाजवली, आणि परत, म्हणलं येईल मागनं. (पळसदेवला हेच बॉक्स नेले. कीबोर्डवाला एक शब्द बोलला नाही, म्हणजे बरे वाजले.)

पण प्रत्येक धुम्मच्या मागं आता एक खर्र येत होतं. बारीक, लाकडासारखं.

"हे काय आता?" मी म्हणलं. मांडणीवरची भांडी आईनं उतरवली, खर्र येतंच. खिडकीच्या काचेला हात लावला, ती नाही. दोन्ही बॉक्सवर कान ठेवला, ते नाहीत. मी तार वाजवायची आणि आईनं एकेका वस्तूला हात लावायचा असं चाललं होतं तेवढ्यात दारात पिकअप थांबली आणि चुलत भाऊ आत आला.

"काय भूकंप बिकंप हाय का काय?" तो म्हणाला. "रस्त्यापर्यंत येतंय."

"आबांनी केलेले बॉक्स आहेत दादा," मी म्हणलं.

त्यानं बॉक्सवरनं हात फिरवला, सांधा नखानं बघितला, जसा आबांनी शिकवलेला तसाच. मग आबांच्या पाया पडला, दोन मिनिटं तब्येतीचं झालं आणि तो दाराशी ठेवलेलं पोतं उचलायला वाकला. नेमकी त्याच वेळेला मी तार वाजवली.

"ह्यातच वाजतंय काहीतरी," तो म्हणाला.

"खोल," आबा म्हणाले.

त्यानं पोतं खोललं. मी वाजवत राहिले आणि तो एकेक वस्तू बाहेर काढून हातात धरून बघत होता. करवत गप्प. पटाशा गप्प. जुना लाकडी रंधा हातात घेतला आणि खर्र त्याच्या हातात आलं. रंध्याच्या मधे लोखंडी पातं असतं आणि ते घट्ट राहावं म्हणून लाकडाची पाचर ठोकलेली असते. ती पाचर ढिली होती.

"आण हिकडं," आबा म्हणाले.

त्यानं रंधा त्यांच्या मांडीवर ठेवला. आबांनी डाव्या हाताच्या अंगठ्यानं पाचर हलवून बघितली.

"घरी गेल्यावर ठोकतो की मी," भाऊ म्हणाला.

"न्हाय. ढिली पाचर दिऊन माझं नाव घालवू का? लोक म्हणतील चुलत्यानं मोडकं गळ्यात मारलं. नीट झाल्यावर ने."

"बरं, मग बाकीचं नेतो."

"बाकीचं बी मग एकदमच ने की. दोन-दोन हेलपाटे कशाला?"

भावानं आईकडं बघितलं. आईनं माझ्याकडं. मी गिटारकडं. मग आई म्हणाली, "बस की, चहा ठिवते," आणि तो पोत्याशेजारी बसला, चहा प्याला, उसाच्या गाड्यांनी रस्त्याची कशी वाट लावलीय ते बोलला, आणि रिकामी पिकअप घेऊन इंदापूरला गेला.

तो गेल्यावर मी हातोडी घेतली. पाचरीला दोन ठोके पुरले असते.

"ठोकू का आबा?"

रंधा अजून त्यांच्या मांडीवर होता. उजवा हात त्यांनी डाव्यानं उचलून त्याच्या मुठीवर ठेवला होता. बोटं काही मिटली नव्हती.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "लगीच नीट झाली तर त्यो न्यायला येईल."

आई खाली वाकली आणि कॉटखालचा चेंडू फडक्यानं पुसून त्यांच्या उशाशी ठेवला. मी घड्याळात सेल घातला, ते भिंतीवर लावलं, गिटार घेतली आणि परत जाड तारेवर आले. धुम्म, आणि मागनं खर्र.